‘टाऊ’ हे विष नाही: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘टाऊ हे मेंदूत साठणारं विष आहे, चाळिशीनंतर प्रत्येकाने रक्त तपासा, रोज काढा घ्या म्हणजे ते धुऊन निघतं’ असा मेसेज सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

१९७५ साली ओळखलं गेलेलं टाऊ हे प्रथिन प्रत्येकाच्या मेंदूत असतं आणि ते लागतंच. चेतापेशीच्या लांब तंतूत साधारण २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या असतात. पेशीतला माल त्यांच्यावरून जातो. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, तसं टाऊ या नळ्यांना लागलेलं असतं. खळीसारखं ते वाळून बसत नाही, सारखं सुटतं आणि पुन्हा चिकटतं. अल्झायमर या स्मृती जाण्याच्या आजारात त्याच्यावर फॉस्फेटचे रासायनिक गट नेहमीच्या तीन-चार पट चढतात. मग पकड सुटते आणि सुटं टाऊ एकमेकांत पिळून पेशीच्या आतच गुंता करतं. तो गुंता काढ्याने निघत नाही.

असं फॉस्फेट चढलेलं टाऊ मोजणारी पी-टाऊ २१७ ही रक्तचाचणी खरी आहे, पण ती विसरभोळेपणाची लक्षणं असलेल्यांसाठी. अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळालेली चाचणीसुद्धा लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्यांसाठीच आहे. किडनी कमजोर असेल तर अल्झायमर नसतानाही आकडा वाढतो, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत न्या.

घरात कुणी विसरायला लागलं असेल तर आधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासा, झोपेच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगा. यातून होणारा विसर बरेचदा उपचाराने सुधारतो.