चावी बंद असली तरी बॅटरी सोडवणे आवश्यक : एक खुलासा
‘चावी बंद असेल तर स्टार्टर मोटर (इंजिन सुरू करणारी मोटर) काढताना बॅटरी सोडवायची गरज नाही’ असा सल्ला सध्या फिरत आहे. स्टार्टर रिले, म्हणजे या मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच, बॅटरीजवळ वेगळा असलेल्या गाड्यांवरून तो आला असावा. बीएमडब्ल्यू आर ११५० आरटी या टूरिंग मोटारसायकलला मात्र तो लावणे धोक्याचे आहे. तिचा सोलेनॉइड, म्हणजे हेच काम करणारा विद्युतचुंबकी स्विच, मोटरच्या अंगावरच असतो आणि बॅटरीची जाड वायर थेट त्याच्या बोल्टवर येते, त्यामुळे चावी खिशात असतानाही तिथे करंट असतो. त्या नटावरचा पाना इंजिनाला नुसता टेकला, तरी ठिणग्या उडतात, पाना लाल होतो आणि हात भाजतो. म्हणून निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढावी आणि मोटर बसवून झाल्यावर सर्वांत शेवटी जोडावी.