पुन्हा तेच फॉरवर्ड

आज सकाळी घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच! "गोवराच्या लसीनं ऑटिझम होतो, बाळाला देऊ नका." डोकं फिरतं माझं. अहो, हे खूळ निघालं १९९८ साली, अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या लेखातून. मुलं किती होती त्यात? १२! तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं तो लेख २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफिल्डची डॉक्टरकीची नोंदणी रद्द झाली. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलांवर अभ्यास झाला, काही संबंध सापडला नाही. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

घाबरलेल्या आईबापांवर माझा राग नाही. ऑटिझमची लक्षणं बहुतेकदा दीड-दोन वर्षांच्या सुमारास ध्यानात येतात आणि आपल्याकडे गोवराचा दुसरा डोसही त्याच वयात असतो. एकापाठोपाठ एक घडलं की मन दोन्हींची गाठ मारतंच. लेकराच्या काळजीपोटी होतं ते.

राग येतो शिकल्यासवरल्या काकांचा. न वाचता पाठवायचं, आणि विचारलं की, "सावध राहिलेलं काय वाईट?" काका, २०२२ मध्ये मुंबईत गोवरानं लेकरं दगावली. तुम्ही तो मेसेज आत्ता काढा.