मोठ्याची बिर्याणी घरी होत नाही म्हणे!

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे चार जणांकडून आला. मथळा असा: 'मोठ्याची बिर्याणी घरी करण्याच्या भानगडीत का पडू नये'. 'मोठ्याची' म्हणजे म्हशी-रेड्याच्या मांसाची. खाली सात मुद्दे, हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग आणि 'आपल्या माणसांना पाठवा'. चौथ्यांदा तो आला माझ्या आत्तेभावाकडून. हाच गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी नाना पेठेत आमच्या घरी बसून तीच बिर्याणी दोन ताटं चेपून गेला होता. तेव्हा म्हटलं, आता एकेक मुद्दा घेऊन बसूच.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा आधी उरकते, कारण त्यात वेळ जाणार नाही. 'महाराष्ट्रात हे सगळंच बेकायदा आहे.' नाही. गायीच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी आली आणि मार्च 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. जनावर तपासून दाखला मिळाला की कत्तलखान्यात ते कापता येतं. जगात ज्याला बीफ बिर्याणी म्हणतात, ती पुण्यात म्हशी-रेड्याच्या मांसाची असते. दुकानाच्या पाटीवर 'बफ' लिहितात, घरात आम्ही 'मोठ्याचं' म्हणतो, आणि बकऱ्याचं ते 'छोट्याचं'. ज्यांना चालत नाही त्यांनी खाऊ नये, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. माझं भांडण चुकीच्या स्वयंपाकाशी आहे.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा दावा: 'मोठ्याचं कितीही शिजवा, चिवटच राहतं.'

हे लिहिणाऱ्याने दुकानात जाऊन नुसतं 'एक किलो द्या' म्हटलं असणार. मीही सुरुवातीला तेच करायची. कॅम्पात ज्यांच्याकडून मी घेते त्या चाचांनी तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुरी खाली ठेवून विचारलं, ''ताई, करायचं काय आहे ते तर सांगा. बिर्याणी, सालन की खिमा?'' मी बिर्याणी म्हटल्यावर त्यांनी तराजूतलं मांडीचं लाल, गुळगुळीत, दिसायला देखणं मांस उचलून बाजूला ठेवलं आणि बोंग काढली. बोंग म्हणजे गुडघ्याखालच्या पोटरीचं मांस. कापल्यावर त्यात पांढऱ्या, अर्धपारदर्शक रेघा दिसतात, बोटाने दाबलं तर रबरासारख्या लागतात. बघणाऱ्याला वाटावं, हेच तर चिवट! सोबत थोडा सीना, म्हणजे छातीचा भाग, आणि दोन नळ्या, म्हणजे मज्जेची हाडं, टाकल्या.

गंमत अशी आहे की त्या रबरी रेघाच तुमचं काम करतात. जनावराचे जे भाग रोज राबतात, म्हणजे पाय, मान, छाती, त्यांच्यात कोलॅजन, म्हणजे त्या रेघांमधलं चिवट प्रथिन, भरपूर असतं. ओलाव्यात, बेताच्या आचेवर, दीड-दोन तास राहिलं की ते विरघळून जिलेटिन होतं. पायाचं सूप थंड झाल्यावर थरथरतं ना, तेच हे. मग तंतू एकमेकांपासून सुटतात आणि रस्सा ओठाला किंचित चिकटेल असा दाट होतो. मांडीच्या मांसात हे कमी असतं. ते आधी आक्रसतं, पाणी सोडतं, आणि नंतर कितीही शिजवलं तरी भुसा होतो. म्हणजे लोक ज्याला चिवट म्हणतात ते पुष्कळदा अर्धवट शिजलेली बोंग असते, नाहीतर जादा शिजलेली मांडी. दोन्हीचा इलाज वेगळा. पहिल्यात अजून तासभर द्यायचा, दुसऱ्यात पुढच्या वेळी दुसरा तुकडा आणायचा.

मधली अवस्था फसवी असते, हे मात्र खरं. पाऊण तासाने तुकडा दाबून बघितलात तर तो सुरुवातीपेक्षाही कडक लागतो. तिथेच माणूस घाबरतो, आच मोठी करतो आणि खेळ खलास. त्या वेळी झाकण ठेवून कपडे वाळत घालायला जावं.

यावरचा मेसेजमधला उपाय वाचून मी कपाळाला हात लावला. 'कच्ची पपई वाटून, चमचाभर सोडा घालून, दह्यात रात्रभर मुरवा.' हे मी केलेलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, सासरची दहा माणसं जेवायला असताना. वरून तुकडे छान मऊ दिसत होते. झारा घातला आणि बोटी, म्हणजे मांसाचे तुकडे, दिसेनाशा झाल्या, भाताला राखाडी लापशी लागून वर आली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ''खिम्याची केलीस का?''

कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन प्रथिनं तोडतं, यात खोटं काही नाही. पण ते तुकड्याच्या आत फारसं शिरत नाही, पृष्ठभागावरच राबतं. त्याचा खरा जोर मांस तापत असताना, साठ-सत्तर अंशांच्या आसपास असतो, आणि उकळीच्या जवळ गेलं की ते निकामी होतं. म्हणजे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बाहेरची साल तेवढी पिठूळ होते, आतलं मांस होतं तिथेच. सीखकबाबासारखं पातळ, झटपट भाजायचं काही असेल तर चमचाभर पपई अर्धा तास लावावी. बोंगेला तिची गरज नाही. आणि सोडा दह्यात घालणं हा तर निव्वळ विनोद. सोडा अल्कली, दही आंबट, दोघं भेटले की फसफसून एकमेकांना संपवतात. मागे उरते साबणासारखी चव.

दही, आलं-लसूण, मीठ, तिखट, हळद, गरम मसाला, तळलेला कांदा आणि पुदिना-कोथिंबीर. एवढ्यात दोन-तीन तास मुरलं तरी पुरतं. रात्रभर ठेवलं तर मीठ आतवर जातं, एवढाच फायदा.

'मांसातून लाल पाणी सुटतं ते रक्त. ते जाईपर्यंत तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवा.' रक्त कत्तलीच्या वेळीच निथळून जातं. ते लाल पाणी म्हणजे स्नायूंतला मायोग्लोबिन नावाचा रंग आणि पाणी. म्हशीच्या मांसात तो जास्त, म्हणून ते बकऱ्यापेक्षा गडद दिसतं. एकदा धुवा, चाळणीत निथळा, पुरे. तीन तास बुडवून ठेवाल तर चव मोरीत जाईल.

'कुकर लावला की ती बिर्याणी राहत नाही.' असं म्हणणाऱ्याच्या घरी गॅस फुकट येत असावा. बिर्याणी दोन रीतींनी होते. कच्चीत मुरवलेलं कच्चं मांस तळाला आणि अर्धा शिजलेला भात वर, सगळं एकत्र दमावर. पक्कीत मांस आधी शिजवून मग थर. कच्ची हैदराबादेत कोवळ्या बकऱ्याची करतात आणि ती फार सुंदर लागते. पण बोंगेला दोन तास लागतात आणि बासमतीला दमावर वीस मिनिटं. या दोघांना एकाच पातेल्यात एकाच वेळी घातलं तर एकाचा बळी ठरलेला. म्हणून मोठ्याची पक्कीच करावी. मग मांस पातेल्यात शिजलं की कुकरात, हे भाताला कळत नाही. कुकरात दाबामुळे तापमान 120 अंशांपर्यंत जातं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी 98 च्या आसपासच उकळतं. त्यामुळे फरक पडतोच. माझी रीत: मसाला परतून मांस घालायचं, वाटीभरच पाणी, एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक करून पंचवीस मिनिटं. दाब आपोआप उतरू द्यायचा. शिट्ट्या मोजत बसू नये, दहा शिट्ट्यांत मांस शिजतं की वाफ उडते हे कुणालाच सांगता येत नाही. नंतर झाकण काढून रस्सा आटवायचा. मांस बुडून पोहत असेल तर तळाचा भात गिच्च होणार. बोटींना लपेटून राहील इतकाच रस्सा हवा.

भाताबद्दल मेसेज म्हणतो, 'बासमतीशिवाय बिर्याणी नाही, आणि तो सत्तर टक्के शिजवावा.' सत्तर टक्के कसे मोजायचे, ते काही सांगत नाही. मी दाणा बोटांत चेपून बघते. तो दोन-तीन ठिकाणी तुटला आणि मधे पांढरी कणी दिसली की लगेच वेळायचा. बोटचेपा झाला तर उशीर झाला. अर्धा तास भिजवलेला जुना बासमती खळखळत्या आधणात पाच-सहा मिनिटांत तिथे पोचतो. आधणाचं पाणी आमटीपेक्षा चांगलंच खारट असावं, तांदूळ त्यातलं थोडंच मीठ घेतो. एक किलो मांसाला मी पाऊण किलो तांदूळ धरते.

बासमतीचा हट्ट मात्र खोटा. तमिळनाडूत आंबूरची बीफ बिर्याणी बारक्या जिरगा सांबा तांदळाची असते, केरळात तलश्शेरीची कैमा तांदळाची. दाणा लांब नसला तरी चालतो, मोकळा मात्र हवा. म्हणून मावळातला इंद्रायणी घेऊ नका. मला तो जिवापाड आवडतो, पण तो चिकट. पिठल्यासोबत खावा.

आता इतिहास. 'बिर्याणी मुमताज महलने सैनिकांसाठी शोधली, आणि अस्सल बिर्याणीत मोठ्याचं कधी नव्हतंच.' मुमताजची गोष्ट ही गोष्टच आहे. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलने पाकखान्यातले पदार्थ मापांसह लिहून ठेवले, त्यात मांस-तांदळाचा 'दुज्दबिर्याँ' आहे: दहा शेर तांदूळ, दहा शेर मांस, साडेतीन शेर तूप. मुमताजचा जन्म 1593 चा. तेव्हा ती फार तर परकऱ्या वयाची पोर. आणि मोठ्याचं नव्हतंच म्हणणाऱ्याने हैदराबादेत कल्याणी बिर्याणी खाल्लेली दिसत नाही. म्हशीच्या मांसाचे लहान चौकोनी तुकडे, टोमॅटो, धने-जिरं. नाव बसवकल्याणच्या नवाबांचं, म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडचंच गाव. गरिबाची बिर्याणी म्हणून तिला नाक मुरडतात. मोठ्याचं मटणाच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं, म्हणून ती गरिबाची. चवीचा त्यात काय गुन्हा?

थर लावताना फार सोहळा नको. जाड बुडाच्या पातेल्यात खाली मांस, वर भात, तळलेला कांदा, पुदिना, केशराचं दूध, दोन चमचे तूप. झाकणाला कणकेची वळी, पाच मिनिटं मध्यम आच, मग खाली तवा सरकवून वीस मिनिटं बारीक. उतरवल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. वाढताना झारा कडेने सरळ तळापर्यंत घालायचा, ढवळायचं नाही.

राहिला एक मुद्दा: 'चरबी फार, टाळूला चिकटते, दुसऱ्या दिवशी टाकूनच द्यावी लागते.' म्हशीचं मांस खरं तर कमी चरबीचं. जी काही असते ती पांढरी आणि थंड झाली की लगेच गोठणारी, मटणाचीही तशीच गोठते. म्हणून ताटं कोमट करून गरमच वाढावी आणि उरलेली झटकन फ्रिजमध्ये जावी. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून, झाकून, तव्यावर दहा मिनिटं चांगली वाफ आणली की पुन्हा मोकळी होते. आमच्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत ती दोनदाच उरली. दोन्ही वेळा मी डबा आत्तेभावापासून लपवून ठेवला होता.