सिनेमा पाहून लिहिलं म्हणणाऱ्या 'गोदाकाठी' यांस

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या एल्फांवर मी लिहिलेल्या 'एल्फ आले कुठून' या लेखाखाली परवा 'गोदाकाठी' या नावाने एक प्रतिक्रिया आली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एल्फांची तीन कुळं, वान्यार, नोल्डोर आणि टेलेरी; गॅलाड्रिएल या एल्फ स्त्रीला मी वान्यार कुळातली म्हटलं, ते चूक. टॉल्किनच्या एल्फांची संस्कृती म्हणून गाणी, रत्नं आणि शहाणपण एवढंच सांगितलं, आल्क्वालोंदे या टेलेरींच्या बंदरातल्या कत्तलीचं नावही काढलं नाही. पश्चिमेला जायला नकार देणाऱ्या अवारींना पुऱ्या लेखात एक ओळ. आणि मग शेवटचं वाक्य: "काका, राग मानू नका, पण पुस्तक न वाचता सिनेमा पाहून लिहिल्यासारखं वाटतं."

राग मानू नका! समोरच्याला चापट मारायची आणि आधी 'लागणार नाही हं' म्हणायचं, त्यातला हा प्रकार. वर 'वाटतं'. म्हणजे उद्या मी जाब विचारला तर तुम्ही म्हणणार, मी कुठे म्हणालो, मला फक्त वाटलं.

चूक आधी कबूल करतो, नाहीतर काका हट्टी आहेत असंही वाटायचं. गॅलाड्रिएल नोल्डोर आहे. तिचे वडील फिनार्फिन हे नोल्डोरांच्या राजाचे धाकटे चिरंजीव. सोनेरी केस आले ते आजीकडून, इंदिसकडून, आणि ती वान्यार. मी नातीचे केस बघून कुळ लिहून मोकळा झालो. आईकडून पाहिलं तर ती टेलेरींची नात. आई एआर्वेन ही ओल्वे राजाची मुलगी, म्हणजे गॅलाड्रिएलचं आजोळ आल्क्वालोंदे. असो, तो विषय वेगळा. ओळ दुरुस्त केली आहे.

आता सिनेमाचं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला सिनेमा आला डिसेंबर २००१ मध्ये. माझ्याकडचं 'सिल्मरिलियन', म्हणजे टॉल्किनचं एल्फांच्या पुराणकथांचं पुस्तक, मी १९९८ साली मुंबईत फोर्टच्या फूटपाथवर साठ रुपयांना घेतलं. पहिल्या पानावर माझी सही आहे, खाली तारीख आहे. तेव्हा मी नाशिकरोड-मनमाड रोज ये-जा करायचो. सकाळी गाडीत बसायला जागा मिळाली तर दहा पानं, उभं राहावं लागलं तर दोन. इंग्रजी माझं तेव्हा बेतास बात. मांडीवर शब्दकोश असायचा, आणि त्या पुस्तकातले निम्मे शब्द शब्दकोशात नसायचेच, कारण ते त्या माणसाने स्वतः घडवलेले. समोर बसणाऱ्या एका गृहस्थांनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस हळूच विचारलं, "बायबल का हो?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

एका संध्याकाळी परतीची गाडी लेट होती. मनमाड स्टेशनात वीज गेली आणि अख्खा फलाट काळोखात बुडाला. मी नेमका कुइविएनेनच्या, म्हणजे एल्फ जिथे जागे झाले त्या पाण्याच्या, पानावर होतो. पुस्तक मिटलं आणि वर पाहिलं, तर ही चांदण्यांची दाटी. नाशिकमध्ये राहून कित्येक वर्षांत मी तेवढं आभाळ पाहिलं नव्हतं. आणि पुस्तकात तरी काय चाललं होतं? सूर्य नाही, चंद्र नाही, दोन्ही अजून घडायचे आहेत. एका पाण्याच्या काठी एल्फ पहिल्यांदा डोळे उघडतात आणि त्यांना आधी दिसतात त्या चांदण्या. त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो 'एले', म्हणजे 'पाहा!' त्यावरूनच ताऱ्याला त्यांच्या भाषेत 'एल' म्हणतात. एल्दार म्हणजे ताऱ्यांचे लोक. ते नाव त्यांना ओरोमे या देवाने दिलं, जो त्यांना पहिल्यांदा भेटला. ते स्वतःला म्हणवून घेत क्वेंदी, म्हणजे आवाजाने बोलणारे. कारण तोवर दुसरं कुणी बोलणारं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

हा प्रसंग त्या तिन्ही सिनेमांत नाही, गोदाकाठी. एक क्षणही नाही. मी तो मनमाडच्या अंधारात पाहिला.

आणखी ऐका. एल्फांची एक लहान मुलांना सांगायची गोष्ट आहे. ती 'सिल्मरिलियन'मध्येही नाही. टॉल्किन गेले १९७३ मध्ये, 'सिल्मरिलियन' त्यांच्या मुलाने संपादित करून १९७७ मध्ये काढलं, आणि ही गोष्ट छापून आली तीही मुलामुळेच, १९९४ मध्ये. सगळ्यांत आधी जागे झाले तिघे: इमिन, टाटा, एनेल. (टाटा हे नाव खरंच आहे. हसून घ्या.) एल्फांचे एक, दोन, तीन हे आकडे या नावांवरून आले असं ती गोष्ट सांगते. तिघे आपापल्या बायकांना घेऊन रानात निघतात. वाटेत झोपलेल्या जोडप्यांचे घोळके सापडत जातात. पहिला बारा जणांचा घोळका इमिन थोरला म्हणून घेतो. पुढचा अठरांचा टाटाकडे, त्यापुढचा चोवीसांचा एनेलकडे. इमिनच्या लक्षात येतं की दरवेळी घोळका मोठा होतोय. तेव्हा तो ठरवतो, आपण आता शेवटी निवडायचं. छत्तीस सापडतात, तो थांबतो. अठ्ठेचाळीस सापडतात, तरी थांबतो. मग कितीही हिंडले तरी कुणी सापडतच नाही. गरम जिलबी येईल म्हणून पंगतीत गार जिलबीला नको म्हणणारे आमचे एक मामा होते, त्यांची आठवण येते. इमिनची माणसं राहिली चौदा, टाटाची छप्पन्न, एनेलची चौऱ्याहत्तर. एकूण १४४. एल्फ बाराच्या पटीत मोजायचे, आणि बराच काळ १४४ हाच त्यांचा सगळ्यांत मोठा आकडा होता. इमिनचे ते सगळे पुढे वान्यार झाले, टाटाचे नोल्डोर, एनेलचे टेलेरी. अवारी निघाले ते नंतरच्या दोन गटांतून, अठ्ठावीस आणि अठ्ठावीस, म्हणजे १४४ मधले ५६. आकडे पाठ आहेत, पुस्तक न उघडता लिहितोय. अवारींना माझ्या लेखात एक ओळ मिळाली हे खरं, पण ते प्रवासालाच निघाले नाहीत, त्यांचं लिहायचं काय?

सिनेमा पाहून लिहिलं असतं, तर हेल्म्स डीपच्या लढाईला एल्फांची फौज मदतीला आली असं लिहिलं असतं. पुस्तकात ती येत नाही. एल्फांचे कान टोकदार असतात असंही लिहिलं असतं, कारण पडद्यावर तेच दिसतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या मजकुरात एल्फांच्या कानांचा आकार कुठे सांगितला आहे ते मला दाखवा. माझ्या लेखात कानांबद्दल एक शब्द नाही. तो मुद्दाम टाळला. एल्फांच्या दोन भाषांतली क्वेन्या ऐकायला फिनिशसारखी आणि सिंदारिन वेल्शसारखी का लागते, हे मी लिहिलं, ते कुठल्या सिनेमात सांगितलंय? पण एवढं बारीक वाचायला सवड हवी. तुमच्याकडे फक्त मत होतं.

ते पुस्तक अजून आहे. २००८ च्या पुरात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आमच्या भाड्याच्या खोलीतही पाणी शिरलं. खालच्या फळीवरची पुस्तकं गेली, हे फुगून दुप्पट झालं पण तगलं. गच्चीवर पान न् पान सुटं करून वाळवलं. शेजारच्या काकू पापड घालत होत्या, त्यांच्या शेजारी माझे नोल्डोर. काही पानांवर गोदामाईचा गाळ अजून आहे. पुस्तक न वाचता लिहिणारा माणूस हे सगळं करतो का, तुम्हीच सांगा.

राहिली आल्क्वालोंदे. फेआनोर आणि त्याच्या नोल्डोरांनी जहाजांसाठी टेलेरींवर तलवार उचलली, एल्फांच्या हातून एल्फांचं रक्त पहिल्यांदा सांडलं, हे मला ठाऊक नाही असं समजू नका. कच्च्या लेखात दोन परिच्छेद होते त्यावर. मग काढले. संस्कृतीवर लिहिताना ते कुठे बसवावं ते कळेना, लेखाचा सूर बिघडत होता. मिथककथांत मारामाऱ्या असतातच, आपल्याकडे काय कमी आहेत? त्यावर पुढेमागे लिहीन. मागणीवरून लिहीत नाही.

आणि 'काका'. माझ्या वयाचा अंदाज तुम्ही कशावरून केलात? इथे माझा फोटोसुद्धा नाही. टॉल्किन वाचतो म्हणून काका, की सिनेमा पाहतो म्हणून? नाशकात ओळख नसताना माणसाला 'अहो' म्हणतात, निदान माझ्या वेळेपर्यंत तरी म्हणत असत.

प्रत बघायची असेल तर या रविवारी सकाळी 'सावाना'त, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, येतोय, वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी असेन. पिशवीत फुगलेलं पुस्तक असलेला माणूस मीच. तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, राहू दे. गॅलाड्रिएलच्या ओळीखाली 'एका वाचकाने लक्षात आणून दिल्यावरून दुरुस्ती' असंही लिहिलं आहे. नाव घातलेलं नाही, कारण 'गोदाकाठी' हे काही नाव नव्हे.