साडेतीन तासांचा हिशेब

टोकियोच्या नारिता विमानतळाहून मुंबईला येताना मधले आसन वाट्याला आले, हे दुखणे मी एव्हाना विसरलोही असतो; पण खिडकीपाशी बसलेले ठाण्याचे काका अजून डोक्यातून उतरायला तयार नाहीत.

काका टोकियोतल्या निशी-कासाईला मुलाकडे राहून परतत होते. विमान जागचे हलण्याआधीच त्यांनी खिशातून दोन्ही तिकिटांच्या घड्या काढल्या आणि पाठीमागे बॉलपेनने केलेली वजाबाकी माझ्यापुढे धरली. जाताना मुंबईहून रात्री ८ ला निघून सकाळी ८ ला पोहोचलो, म्हणजे १२ तास. आता सकाळी ११.१५ ला निघून संध्याकाळी ५.४५ ला मुंबई, म्हणजे साडेसहा.

"रस्ता तोच, मग जाताना साडेपाच तास आपल्याला कुठे फिरवलं?"

जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असते, त्यामुळे जाताना खरे साडेआठ तास लागले आणि आता दहा लागतील, असे मी सांगितले. अंतर दोन्ही वेळा सुमारे ६,८०० किलोमीटरच असले, तरी उंचावरचे पश्चिमी वारे जाताना विमानाला ढकलतात आणि येताना अडवतात, हेही सांगितले.

"पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग मुंबईच आपल्याकडे येतेय. विमान नुसतं वर थांबलं तरी चालेल."

"काका, हवाही पृथ्वीबरोबर फिरते."

"हवा बरोबर फिरते म्हणता आणि वारा तोंडावर येतो म्हणता. एक काय ते ठरवा!"

पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी काकांच्या बाजूने माना डोलावल्या.

वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगाला कळावे म्हणून १९२६ मध्ये अहवाल एस्पेरांतो या जगभरासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला, तो जगाने फारसा वाचलाच नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने जपानवर याच वाऱ्यांत सापडली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना त्यांचा जोर कळला. ओइशींची निदान भाषा तरी अनोळखी होती. मी स्वच्छ मराठीत बोलत होतो.

साडेसहा तास भरताच काकांनी बूट चढवले, मला उठवले आणि वरच्या कप्प्यातली पिशवी माझ्याकडून उतरवून घेतली. त्यांच्या आसनाखाली आधीच एक बोचके असल्यामुळे ती माझ्या पायांशी आली. समोरच्या पडद्यावर अजून साडेतीन तास बाकी दिसत होते. "तो पडदा कंपनीचाच," काका म्हणाले आणि निवांत झोपले. इतके पैसे मोजून गुडघे छातीशी घेऊन बसायचे, वर वाऱ्याचा वकील ठरायचे, आणि पिशवी हलवा म्हटले तर आपणच उद्धट!

मुंबईत चाके टेकताच काकांनी फोन सुरू करून माझ्या नाकासमोर धरला. त्यावर बरोबर ५.४५ वाजले होते.

"बघा, तिकिटाप्रमाणे पोचलो की नाही? कुठे गेले तुमचे साडेतीन तास?"

माझे दोन्ही पाय बधिर झाले होते, त्यामुळे उठून उत्तर देणेही जमले नाही.