पाणी उलटं वाहतं तेव्हा

अमेरिकेत मी ज्या इमारतीत राहते, तिच्या तळघरात पालिकेचा पाइप आत शिरतो तिथे एक बोजड पितळी यंत्र बसवलेलं आहे. वर्षातून एकदा परवाना असलेला माणूस येतो, झडपा नीट मिटतात का ते दाब मोजून बघतो आणि तारखेचं कार्ड अडकवून जातो. इमारतीत एकदा आलेलं पाणी परत शहराच्या जलवाहिनीत जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

भारतात दादाशी फोनवर पाण्याचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या मुद्द्यांवर येते: पाणी किती तास सोडतात, मीटर बसवावेत का, आणि नळाला थेट मोटर लावणाऱ्यांचं काय करायचं. मोटर लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या वाटचं पाणी पळवणं, हा आपल्याकडचा मुख्य आक्षेप. तो खराच आहे. मला मात्र त्याहून मोठी भीती वाटते ती मोटर आणखी काय ओढते याची. पाइपात दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर झिरपतं. दाब गेला की त्याच फटीतून भोवतालचा ओलावा आत येतो, आणि शेजारून फुटकं गटार जात असेल तर तो ओलावा कसला, हे सांगायला नको. दिवसातून दोन तास पाणी म्हणजे बावीस तास ही वाट मोकळी. त्यात मोटरने पाइपात पोकळी केली, की पाणी चालू असतानाही तेच.

श्रीमंत देशांनाही हे ठेच लागूनच कळलं. 1969 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात काविळीची साथ आली आणि बहुतेक सगळा संघ आजारी पडला. जवळपास लागलेली आग विझवताना जलवाहिनीतला दाब उतरला आणि मैदानाला पाणी देणाऱ्या जमिनीखालच्या नळांजवळ साचलेलं दूषित पाणी पिण्याच्या पाइपात खेचलं गेलं होतं. फिनलंडमधल्या नोकिया शहरात 2007 साली सांडपाणी प्रकल्पातलं पाणी एका चुकीच्या जोडणीतून पिण्याच्या पाण्यात मिसळलं; हजारो लोक आजारी पडले.

म्हणून आपल्याकडेही अशी यंत्रं सक्तीची करा, असं कुणी म्हटलं की मी अडखळते. ते यंत्र घरातून वाहिनीकडे जाणारं पाणी अडवतं. रस्त्याखालच्या फुटक्या वाहिनीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे चोवीस तास दाब हाच उपाय. ‘चोवीस तास पाणी दिलं तर नासाडी होईल’ ही शंका मला समजते, आणि जुन्या गळक्या वाहिन्या तशाच ठेवून दाब वाढवला तर ती खरीही ठरेल. पण पाण्याच्या तासांवर वाद घालताना त्या तासांचा पाण्याच्या शुद्धतेशी असलेला संबंध कुणी बोलतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वाहिन्या बदलायला वर्षं जातील. जमिनीखालच्या टाकीचं काम मात्र आजच होण्यासारखं आहे. तिच्यात पाणी सोडणारा पाइप कित्येकदा पार तळापर्यंत नेलेला असतो. पुरवठा बंद झाला, वाहिनी रिकामी होऊ लागली, की टाकीतलं पाणी त्याच पाइपातून मागे खेचलं जातं. पाइपाचं तोंड टाकीतल्या सगळ्यात वरच्या पातळीपासून पाइपाच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंचीवर ठेवायचं, मध्ये नुसती हवा. हवेतून पाणी मागे ओढलं जात नाही. ना झडप, ना वार्षिक तपासणी, बिघडण्यासारखं काहीच नाही.

दादाला मी झाकण उघडून फोटो पाठवायला सांगितलं. ‘‘अगं, टाकी धुतलीय गेल्याच महिन्यात,’’ तो म्हणाला. फोटोत पाइपाचं तोंड चांगलं हातभर पाण्याखाली होतं. प्लंबरला तो पाइप कापून वर घ्यायला अर्धा तास लागला.