पुन्हा तिसरंच प्रकरण!

जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी पाचव्यांदा हातात घेतली आणि पाचव्यांदा तिसऱ्याच प्रकरणात रुतलो. वैताग आलाय नुसता!

पहिली दोन प्रकरणं सरकतात. मनोऱ्यातली सकाळ, मग शाळेतला तास. पण स्टीफन, म्हणजे त्यातला तरुण शिक्षक, समुद्रकिनाऱ्यावर एकटा चालायला लागला की संपलंच. बाहेर जवळजवळ काही घडत नाही, सगळं त्याच्या डोक्यात. अ‍ॅरिस्टॉटल, लॅटिन, फ्रेंच, वारलेली आई, पॅरिसच्या आठवणी. एका विचारातून थेट दुसऱ्यात उडी, मध्ये धागा म्हणून नाही. टिपांचं पुस्तक शेजारी ठेवलं तर दर ओळीला मान वळवायची आणि वाक्याची लय घालवायची. नाही ठेवलं तर अर्धं डोक्यावरून जातं. करायचं काय माणसानं?

कथेतला दिवस एकच, १६ जून १९०४. १९२२च्या पहिल्या आवृत्तीची पानं मात्र ७३२!

पुस्तक टाकाऊ असतं तर केव्हाच सोडलं असतं. चौथं प्रकरण मी मध्येच उघडून वाचलंय. ब्लूम, कादंबरीचा नायक, मांजरीशी बोलतो, बायकोसाठी न्याहारी करतो, किती जिवंत आहे ते! पण मधलं गाळून पुढे जाणं मला पटतच नाही.

आणि लोकांचा तो नेहमीचा सल्ला! "कळलं नाही तरी वाचत राहा." का म्हणून? जॉइस सात वर्षं खपला त्या शब्दांवर. ते मी न कळता नुसते उलटू? खूण अजून त्याच पानावर आहे.